दोनशे अठ्ठ्याण्णव

भाईंदर (पश्चिम),
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची हाताला सवय आहे, म्हणून लिहितो. तू दापोलीला नीट पोचलीस, घसा बसलाय, जेवण कमी झालंय, हे सगळं तुझ्या आईने, शैलाताईने सांगितलं. तू स्वतः काही सांगत नाहीस. मंगळवारपासून मी तुला अकरा फोन केले. मेसेजवर दोन निळ्या रेघा येतात, म्हणजे वाचतेस. शेवटी तुझ्या मामीने फुलस्केप कागद काढून दिले आणि म्हणाली, "अहो, फोनवर तुम्ही निम्मंच बोलता. लिहून बघा."

फेलीचं ऑपरेशन गुरुवारी झालं. गुडघ्यातले दोन लिगामेंट फाटले होते. सर्जन म्हणाले, नऊ महिने मैदान विसरा. अडतिसाव्या वर्षी स्ट्रायकरला नऊ महिने म्हणजे काय, ते मी तुझ्यासारख्या फिजिओला काय सांगणार? फेली ऐकून नुसता हसला.

मी रोज सकाळी प्रॅक्टिसचं किट धुवायला टाकून मीरा रोडला हॉस्पिटलमध्ये जाऊन बसतो. त्याचा तो थंड पाल्याचा चहा, तेरेरे, थर्मासमध्ये बर्फ घालून नेतो. नर्स रागावते, पण फेली तिला 'दीदी' म्हणतो आणि विषय संपतो. शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक गुजराती काका आहेत. त्यांनी मला विचारलं, "ये भाई कौन?" मी म्हटलं, "काका, ये फेलिसियानो इराला है. पराग्वे का. दो सौ अठ्ठानवे गोल किया है." काका म्हणाले, "एक मॅच में?"

मग मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षी नदीकाठच्या खेड्यातून बसने राजधानीत आला तो चुलत्याचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून. पहिल्या वर्षी सात गोल, दुसऱ्या वर्षी एकतीस. मग मेक्सिको, पोर्तुगाल, तुर्कस्तान, पुन्हा मेक्सिको. बोलिव्हियात इतक्या उंचावर खेळला की पाहुण्या संघाला जिना चढताना धाप लागायची, आणि हा नव्वदाव्या मिनिटाला डोक्याने गोल मारायचा. बावीस वर्षं, अकरा क्लब. देशाच्या वर्ल्ड कपच्या संघात नाव आलं होतं तेविसाव्या वर्षी. दुखरा गुडघा कोणाला न सांगता एक फायनल खेळला, दोन गोल मारले, कप जिंकला आणि वर्ल्ड कप त्याने घरी टीव्हीवर बघितला. हाच उजवा गुडघा. काकांनी हात जोडले. फेलीने बिछान्यातूनच त्यांना हात जोडले. मराठी कळत नाही, हिंदी निम्मं कळतं, पण स्वतःचे गोल कोणी मोजत असेल तर ते त्याला कुठल्याही भाषेत कळतं.

मधेमधे तो तुझ्याबद्दल एकच विचारतो, "मामा, डोक्तोरा कहाँ?" मी सांगतो, गावाला गेलीय. तो माझ्याकडे बघत राहतो. मग मी थर्मास धुवायला जातो.

आता चौकशीचं. शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता क्लबच्या ऑफिसात. तुला मेल आलाच असेल. मॅनेजर अभिनव सर सगळ्यांना सांगतात की गुडघ्यावर बर्फाने भाजल्याचे फोड होते आणि त्याच गुडघ्यावर त्याला उतरवलं, म्हणजे फिजिओचा हलगर्जीपणा. तसं ठरलं तर ते असोसिएशनला कळवणार. म्हणजे मग नुसता हाच क्लब नाही, कुठल्याच क्लबात तुला कोणी दारात उभं करणार नाही.

पण तू घाबरू नकोस. बघू आपण.

तू निघालीस तेव्हा दारात विचारलंस ना, "मामा, बर्फ टॉवेलात गुंडाळूनच लावत होतास ना?" मी तेव्हा चपला शोधत होतो. उत्तर द्यायचं राहून गेलं. पुढच्या वेळी बोलू.

काळजी घे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा


भाईंदर,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता हिस आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. 'मामा, टॉवेल होता की नव्हता, एवढंच सांग.' दहा दिवसांनी पहिला मेसेज आणि तोही असा. मी तो मैदानावर वाचला, वरसाव्याला, सामानाच्या खोलीत. मग पंधरा जोड बूट पुसले, जे आधीच पुसलेले होते.

टॉवेलाचं उत्तर देतो. टॉवेल नव्हता. कारण बर्फच नव्हता.

आता खाली बसून वाच. ताईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तू तीन दिवस अठरा वर्षांखालच्या टीमबरोबर पुण्याला गेलीस. जाताना मला शिकवून गेलीस, फेलीच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ, दिवसातून चार वेळा, दहा मिनिटं, टॉवेलात गुंडाळून, बाकी पूर्ण विश्रांती, चोळायचं नाही. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, काल शेंबूड पुसायचो मी हिचा, आणि आज ही मला बर्फ लावायला शिकवते. खरं सांगतोय. तू यायच्या आधी कोणाचा पाय मुरगळला की पोरं माझ्याकडे यायची. माझा बाम, माझे हात. तू आलीस आणि सगळे विचारू लागले, मॅडम काय म्हणतात? मला पोरं 'मॅडमचे मामा' म्हणायला लागली. मी हसायचो. आतून मला ते झोंबायचं.

बुधवारी फेलीने गुडघा दाखवला. सूज तशीच. म्हणाला, "मामा, संदे मॅच. कुछ करो." तेव्हा त्याचे दोनशे शहाण्णव होते, आणि मोसमाचे चारच सामने राहिले होते. तू त्याला सांगितलं होतंस की दोन तरी सामने बसावं लागेल. मला वाटलं, आपल्याकडे उपाय असताना हा माणूस बसून का राहील?

मी त्याला आपल्या इथल्या डोंगरीला नेला. लवू वैद्यांकडे. तुला आठवत नसतील. त्यांच्या वडिलांनी माझं मनगट बसवलं होतं, तुझ्या जन्माच्या आधी, आणि प्लास्टर न घालता ते आजतागायत शाबूत आहे. ताईचा खांदाही त्यांनीच बसवला. आपल्या घरात हाड म्हटलं की आधी वैद्य आणि मग डॉक्टर, हे तूही लहानपणापासून बघितलंस. फक्त तू शिकून त्यातून बाहेर पडलीस.

रिक्षात फेली मावेना. गुडघा बाहेर काढून बसला, टोपी डोळ्यांवर ओढून. त्याला गंमत वाटत होती. वैद्यांनी गुडघा दोन अंगठ्यांनी चाचपला आणि म्हणाले, "हाड सलामत हाय. शीर चढलीय. लेप बांधतंय, तीन दिस सोडाचा न्हाय, पानी लावाचं न्हाय, न् डागतरला दावाचा न्हाय." काळा, गरम लेप, वर कापूस, वर पट्टी. फेलीने दात दाबले.

तू पुण्याहून रोज विचारायचीस, "मामा, बर्फ झाला?" मी म्हणायचो, "झाला." तू तुझ्या फिजिओच्या वहीत तसं लिहायचीस.

शनिवारी संध्याकाळी मी लेप सोडला. खाली कातडी लाल आणि फोड आलेले, पावलीएवढे. पण फेली उठला, चालला, दोनदा उडी मारली आणि म्हणाला, "बोम्बा! मामा बोम्बा!" म्हणजे एकदम झकास. दुखत नव्हतं म्हणे. मी फोडांवर मलम लावलं, वर स्वच्छ पट्टी बांधली. रविवारी सकाळी तू म्हणालीस, पट्टी सोड, बघते. मी म्हटलं, आत्ता बांधलीय, टाइम नाही, सूज उतरलीय, मी बघितलीय ना. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि फिटनेसच्या कागदावर सही केलीस. मामाच्या शब्दावर सही केलीस.

पुढचं सगळ्यांनी बघितलं. बाराव्या मिनिटाला एक, चाळिसाव्या मिनिटाला दुसरा. दोनशे अठ्ठ्याण्णव. आणि सत्तराव्या मिनिटाला कोणी हातही न लावता तो वळला आणि खाली बसला. तू मैदानावर धावलीस. पट्टी तूच सोडलीस. तुझा चेहरा मी बाजूच्या रेषेवरून बघितला आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागलो.

म्हणजे तुझी काही चूक नाही. हे मी तुला लिहून दिलं. आता जेव, झोप.

चौकशीत काय बोलायचं ते मी ठरवतोय. एकदम सगळं बोललो तर अभिनव सर मला त्याच दिवशी गेटबाहेर काढतील. सत्तावन्न वर्षांचा किटमन कोणाला हवाय? आणि वैद्यांचं नाव आलं तर त्यांच्या दारात पोलीस येतील. सगळं कसं बसवायचं ते बघतोय. तोवर तू कोणाला काही बोलू नकोस, एवढी विनंती.

तुझा,
मामा


भाईंदर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

संचिता,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मामी आजच्या एसटीने निघतेय, तिच्या हातात देतोय. तू जेवलीस की नाही हेही ती बघणार आहे, तेव्हा ताट पुढे आलं की मुकाट जेव.

मागच्या पत्राच्या शेवटी मी जे लिहिलं ते वाचून तू ताईला म्हणालीस म्हणे, "मामा अजून मला गप्प बसायला सांगतोय." ताईने फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

परवा मामीने कपाट आवरायला काढलं. साड्यांच्या मागे तिला एक पिशवी सापडली. आत नवी जर्सी, पाठीवर इराला आणि खाली नंबरच्या जागी ३००. ती मी जानेवारीतच छापून घेतली होती, कोणाला न सांगता. तीनशेवा गोल झाला की मी ती मैदानावर घेऊन धावणार होतो. बावीस वर्षांच्या करिअरमधला तो एक क्षण आपल्या मैदानावर, माझ्या हातून. मी त्याचं स्वप्न रोज बघत होतो. त्या जर्सीच्या घडीत एक कागद होता. मामीला इंग्रजी फार येत नाही, पण तुझं नाव तिला वाचता आलं. तिने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, क्लबचं काहीतरी. ती म्हणाली, "क्लबचं आहे तर माझ्या साड्यांत का लपवलंत?"

ती शेजारच्या सान्वीकडे गेली, कागद वाचून घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसली. कुकर लावला, वाढलं, स्वतः जेवली नाही. मग म्हणाली, "पोर सहा वर्षं माझ्या हातचं जेवली. कॉलेजची फी भरायला तिचा बाप नव्हता, तुम्ही होतात, म्हणून तुम्हाला ती बापासारखं मानते. आणि तुम्ही हे लिहून दिलंत?"

तो कागद काय आहे ते आता मी तुला सांगतो.

सोमवारी, तीन तारखेला, मॅचच्या दुसऱ्या दिवशी, अभिनव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, मामा, बर्फ तुम्ही लावत होतात ना? मग फोड कसे आले? मला डोंगरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "सर, मॅडमनी सांगितलं तसंच लावला." ते म्हणाले, थेट कातडीवर? मी म्हटलं, "हो." किती वेळ? मी म्हटलं, "अर्धा तास. मॅडमच म्हणाल्या." त्यांनी टाइप करून आणलं, मी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी तुला घरी पाठवलं. तुला सांगितलं की 'स्टेटमेंट आलंय', कोणाचं ते सांगितलं नाही. ते माझं होतं. दारात तू टॉवेलचं विचारत होतीस तेव्हा त्या स्टेटमेंटची झेरॉक्स माझ्या खिशात होती.

मागच्या पत्रात मी बाकी सगळं सांगितलं आणि हे ठेवलं. सगळं सांगितल्याचं पुण्य घेतलं आणि मुख्य गोष्ट गिळली.

आणखी एक. ती मी फेलीलाही सांगितली नव्हती. वैद्यांनी लेप बांधून झाल्यावर म्हटलं होतं, "महिनाभर धावाचं न्हाय. धावला तं मना दोष देव नका." फेलीने मला विचारलं, "क्या बोला?" मी सांगितलं, "बोला, फिट." त्या खोलीत तीन माणसं होती आणि दोघांची भाषा फक्त मलाच येत होती. गुडघा वैद्याने नाही घालवला, तुझ्या बर्फाने तर नाहीच नाही. त्या एका शब्दाने घालवला, आणि तो शब्द माझा होता.

हे मी काल फेलीला सांगितलं. सांगायला दोन तास लागले, कारण मधे काका येत होते, नर्स येत होती, आणि मीच परत परत तेरेरे ओतत होतो. त्याने ऐकून घेतलं. चिडेल, थर्मास फेकेल असं वाटलं होतं. उलट त्याने बोटांवर मोजलं. मेक्सिकोत एक डॉक्टर, सुई देणारा. तुर्कस्तानात एक म्हातारा, गरम वाळू बांधणारा. बोलिव्हियात एक बाई, काहीतरी जाळून धूर द्यायची. "हर क्लब में एक मामा," म्हणाला. "मैं खुद जाता था. मैं भी मामा." मला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "लेकिन वो लोग ने डोक्तोरा का नाम नहीं लिया."

तो पहिल्या दिवसापासून खरं सांगायला निघाला होता, संचिता. ऑपरेशनच्या आधी, स्ट्रेचरवर, अभिनव सर आले तेव्हा. मी त्याचा हात धरून 'नो, नो, प्लीज' म्हटलं, सर्वांसमोर. सगळ्यांना वाटलं मी त्याला धीर देतोय. तो माझ्याकडे बघून गप्प राहिला. त्याला वाटलं मी वयाने मोठा आहे, मला काहीतरी कळत असेल.

आता शुक्रवारचं. तू येणार आहेस, मामी तुला घेऊनच येईल, गुरुवारी रात्रीपर्यंत पोचा. मीही जाणार आहे. केबिनमध्ये तीन साहेब बसलेले असतील, पंखा फिरत असेल, आणि अभिनव सर 'मामा, बोला' म्हणतील. मला माझी ओळख आहे. मी घसा खाकरीन, टोपी हातात फिरवीन आणि पुन्हा काहीतरी निम्मं बोलेन. मला माझ्या तोंडाची खात्री वाटत नाही. म्हणून हे पत्र मी तुझ्याकडे पाठवतोय, माझ्याकडे ठेवत नाही. माझ्याकडे राहिलं तर मी ते साड्यांच्या मागे ठेवीन.

हे पत्र तिथे टेबलावर ठेव. आधीचं चौदा तारखेचंही ठेव, त्यात तारखांचा आणि लेपाचा हिशेब आहे. मी काही बोललो तरी ठेव, नाही बोललो तरी ठेव. मला वाचवण्यासाठी एक ओळही झाकू नकोस. वैद्यांचं नाव येणार, तेवढं मी आधी जाऊन त्यांना सांगून आलो आहे. ते म्हणाले, "सांग, मी बोललेलं खरं बोललेलं हाय." नोकरी जाईल. जाऊ दे. तुझी गेली तर मी घरात कुठल्या खोलीत बसू?

जर्सी मी फेलीला दिली. त्याने घेतली, घडी केली आणि उशाशी ठेवली.

मागच्या दोन्ही पत्रांत 'तुझा मामा' अशी सही केली. ती सही चौकशीत चालणार नाही, आणि ती करायचा हक्क मला परत कधी द्यायचा ते तू ठरव. म्हणून खाली नाव पूर्ण लिहितो. वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा, शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहिलेला आहे. ३ फेब्रुवारीचं माझं स्टेटमेंट खोटं होतं. फिजिओ संचिताने सांगितलेलं सगळं बरोबर होतं, आणि त्यातलं मी काहीही केलं नाही.

गुणवंत सखाराम शिवलकर
किटमन

साक्षीदार: सुलोचना गुणवंत शिवलकर